व्हायोलिनवाला आणि अप्पांचा टॉवेल

जुळे सोलापूर,
रविवार

तीर्थरूप मल्लिनाथमामांना भाची अक्षताचे शरणु शरणार्थी.

मामींची दाढ काढली का? तुमचा गुडघा कुंभारीच्या थंडीत काय म्हणतो? (फोन अप्पांच्या कानाशीच करावा लागतो, म्हणून हे पत्र.)

गुरूला तुम्ही ओळखता. व्हायोलिन शिकवतो, आणि मला लग्न त्याच्याशीच करायचंय. अप्पा म्हणतात, वाजवणाऱ्याला मुलगी देणार नाही. म्हणून मी शहाणपणा केला. हिटलरच्या छळछावणीतून जिवंत सुटलेल्या एका ज्यू व्हायोलिनवाल्याचा सिनेमा घरी टीव्हीवर लावला. म्हटलं, सुरांची किंमत कळेल, अप्पा विरघळतील.

विरघळले की! रुमाल पुरेना, टॉवेल मागवला. त्याच्या घरच्यांना मालगाडीत कोंडून नेलं तेव्हा मलाही बघवेना, मी रडले. आईला (तुमचीच बहीण) त्याची हाडं बघवेनात. तिनं सिनेमा मध्येच थांबवून आम्हालाच कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली, जणू आम्ही खाल्लं की त्याच्या पोटात पडणार होतं. शेवटी तो सुटला आणि त्यानं व्हायोलिन उचललं. मी आशेनं अप्पांकडं बघितलं. त्यांनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, "बघितलंस की, पर्मनंट नोकरी न्हाई म्हणून लई हाल झाले बिचाऱ्याचे."

मामा, त्या राक्षसांनी लाखो माणसं मारली, त्यांत मास्तर होते, डॉक्टर होते, बँकेतले साहेबही होते, हे मी जीव तोडून सांगितलं. अप्पा म्हणाले, "व्हय, पण मागं पेन्शन तरी बसली असती की." वर दुसऱ्या दिवशी गुरूला चहाला बोलावून हीच कथा त्यांनी त्याला डोळ्यांत पाणी आणून ऐकवली.

तेव्हा मामा, तुम्ही या आणि अप्पांना समजवा. ते तुमचंच ऐकतात.

तुमची,
अक्षता

ता. क. : अप्पांना समजवायची गरज उरली नाही. पाकीट चिकटवायच्या आत गुरू पेढे घेऊन आला. साखर कारखान्यात कारकुनाची जागा मिळाली म्हणे. अप्पांनी त्याला मिठी मारली आणि लग्नाची तारीख काढायला बसले.

आणखी एक : तरीही याच, पण आता गुरूला समजवायला. त्यानं शिकवण्या बंद केल्या, व्हायोलिन माळ्यावर टाकलं. सिनेमातल्या त्या माणसाचं वाजवणं हिटलरला बंद करता आलं नाही. आमच्याचं अप्पांनी एका कप चहात केलं.