चुलीमागच्या रेघा

माय, तुझ्या पणतीनं आठ दिवसांपासून माझं डोकं उठवलं आहे. बारावी झाली, मार्क चांगले पडले, आणि आता तिला ठरवायचं आहे की मोठ्या शहरातल्या सरकारी विद्यापीठात जायचं की इथंच, बुलढाण्यात, घरापासून दहा मिनिटांवरच्या कॉलेजात. तिनं एका कागदावर मधोमध रेघ मारली, डाव्या बाजूला जाण्याचे फायदे लिहिले, उजव्या बाजूला तोटे, आणि तो माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "आबा, तुम्ही नागपूरला शिकलात ना, मग तुम्हीच सांगा." मी सांगायला लागलो की ही आत्याला फोन लावते. आत्या भलतंच काही सांगते, की ही मैत्रिणीच्या भावाला विचारते. काल तर गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला उंबऱ्यात थांबवून तिनं त्याचं मत घेतलं. त्यानंही दिलं! तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी तिच्यावर ओरडलो, आणि ओरडता ओरडताच मला तू आठवलीस, कारण हा रोग आपल्या घराण्यात तुझ्यापासून आलेला आहे.

मी मॅट्रिक झालो त्या वर्षीचा जून आठवतो का तुला? महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. तालुक्याच्या गावी नवीन कॉलेज निघालं होतं, अमडापूरहून सायकलनं जाऊन-येऊन करता येईल एवढ्या अंतरावर. आणि मोठं विद्यापीठ होतं ते नागपूरला. खामगावपर्यंत एसटी, पुढं रेल्वे. शाळेतल्या गुरुजींनी घरी येऊन सांगितलं होतं की पोरगा हुशार आहे, त्याला नागपूरलाच धाडा. दुसऱ्या कोणत्याही आईनं एक तर हो म्हटलं असतं नाही तर नाही. तू काय केलंस? तू भिंतीवर रेघा ओढायला लागलीस.

त्या रेघांची तुला सवयच होती. उन्हाळ्यात बायका एकमेकींकडे कुरड्या-पापड करायला जायच्या. तू कोणाकडे किती दिवस राबून आलीस आणि कोणाचं आपल्याकडे यायचं राहिलं, ते तू चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं मांडून ठेवायचीस. अक्षर येत नव्हतं तुला, पण त्या मांडणीत कधी चूक झाली नाही. चुलीपुढं बसल्या बसल्याच तू हात लांब करायचीस आणि खालून वर रेघ ओढायचीस, तळाशी जाड आणि वर बारीक होत गेलेली. त्या जूनमध्ये पापडांच्या रेघा पुसून तू माझ्या मांडल्यास. कोनाड्याच्या डाव्या अंगाला जाण्याच्या, उजव्या अंगाला न जाण्याच्या. दारात जो येईल त्याला एकच प्रश्न. "पोराले नागपूरले धाडू का तालुक्याले ठेवू? काऊन, तेही सांगा."

आणि लोक सांगायचे! पोस्टमन पाणी प्यायला टेकला, तर तो म्हणाला, "तिथं हजारानं पोट्टे हाय, माय. मास्तर तोंडसुदिक ओळखत नाही म्हंते." एक रेघ उजवीकडे. कोर्टाच्या कामानं एकदाच नागपूरला जाऊन आलेला शेजारचा काका म्हणाला, "पुस्तकाची इमारत पाह्यली म्या. आपली शाळा तिच्यात चार बखत बसन." एक रेघ डावीकडे. बीबी गावाहून मावशी आली होती. ती आधी रडली आणि मग म्हणाली, "पोरगं तिथलंच होऊन जाते, बाई. मंग तू बस चूल फुकत." तुझा हात जरासा थांबला आणि तू उजवीकडे रेघ ओढलीस. कासारीण म्हणाली धाडा, गुरवाची म्हातारी म्हणाली ठेवा. म्हशीला इंजेक्शन द्यायला आलेल्या कंपाउंडरलाही तू सोडलं नाहीस. बा तेवढे हात झटकून मोकळे झाले. "तुमचं चालू द्या, मले वावरात काम हाय," म्हणून निघून जायचे. आणि मी, ज्याच्या जन्माचा हा काथ्याकूट चालला होता, त्याला मात्र तू एकदाही विचारलं नाहीस. मी सोळा वर्षांचा होतो, माय. मला लाजेनं मेल्यासारखं व्हायचं. गावातली पोरं मला रस्त्यात थांबवून विचारायची, "काय बे, आज कोनती बाजू पुढं हाय?"

पंधरा-वीस दिवस हे चाललं. दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीनं वाढत होत्या. ती भिंत तू दर शनिवारी पांढऱ्या मातीनं पोतारायचीस, पण रेघा पुसतील म्हणून तेवढे शनिवार तू गाळलेस. सगळी भिंत धुरानं काळी झाली. मग एका मंगळवारी मी शाळेतून दाखला घेऊन आलो, तर भिंत पांढरीफेक. अजून ओली होती. तू हात धूत होतीस.

"किती झाल्या?" मी विचारलं.

"काय किती?"

"रेघा! कोनती बाजू जास्त झाली?"

"मोजल्या नाही म्या. भित्त लय घान दिसत होती." तू पदराला हात पुसलेस. "नागपूरले जाय."

एवढंच. अख्ख्या गावाला वेठीस धरलंस, मला भंडावून सोडलंस, आणि शेवटी न मोजताच निकाल दिलास. हा राग माझ्या मनातून कधी गेला नाही. हे वाक्य मी बायकोला ऐकवलं, पोरांना ऐकवलं, कॉलेजात शिकवायला लागल्यावर विद्यार्थ्यांनाही ऐकवलं की माझ्या आईनं माझं आयुष्य न मोजता ठरवलं.

आणि नागपूर कसं होतं, ते तुला नीट सांगायचंच राहिलं. सुट्टीत घरी आलो की मी सगळं छानच सांगायचो. वर्गात आम्ही दीडशे होतो. मी म्हणजे हजेरीतला एकशे चौदा. पहिल्या आठवड्यात "मले समजलं नाही" एवढं बोललो आणि पुढच्या तीन रांगा हसल्या. त्यानंतर दिवाळीपर्यंत मी वर्गात तोंड उघडलं नाही. एकदा तापानं अकरा दिवस खोलीत पडून होतो, परत गेलो तर कोणी विचारलंही नाही. तालुक्याच्या कॉलेजात असतो तर तिसऱ्या दिवशी शिपाई सायकल घेऊन घरी आला असता. तुझा पोस्टमन खोटं बोलला नव्हता.

पण माय, कोणी ओळखत नाही याचंही एक सुख असतं, आणि ते तुझ्या भिंतीवर कोणालाच मांडता आलं नव्हतं. मी कोणत्याही वर्गात मागच्या दारानं जाऊन बसू लागलो. एक दिवस असाच दगडमातीचं शास्त्र शिकवत होते तिथं जाऊन बसलो. तो माझा विषयही नव्हता. सर फळ्यावर एक मोठा गोल काढून आपल्या लोणारच्या सरोवराबद्दल बोलत होते. तो खड्डा ज्वालामुखीनं झाला की आभाळातून पडलेल्या दगडानं, यावर मोठी माणसं भांडतात म्हणे. आपल्याकडे तर दैत्याची गोष्ट सांगितली की विषय मिटायचा. सरांनी विचारलं, "ते कोणी पाहिलं आहे का?" लोणारजवळ सुलतानपूरला मामाकडे गेलो की त्या सरोवराच्या काठावर दिवसभर हुंदडणारा मी. हात वर केला आणि तोंडातून निघून गेलं, "म्या पाह्यलं." पुन्हा हसले सगळे. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी मला पुढं बोलावून पंधरा मिनिटं प्रश्न विचारले, पाण्याची चव कशी, वास कसा, काठचा दगड कसा. आपल्या बोलीतच मी सगळं सांगितलं. त्या दिवसापासून मी माणसांत आलो. दीडशेच्या गर्दीत हरवलो नसतो तर त्या वर्गात पोचलोही नसतो.

आता तोट्याचं. तुझा ताप डोक्यात गेला तेव्हा बांनी तार केली. पत्त्यावर काय, तर माझं घरचं हाक मारायचं नाव आणि पुढं "मोठं विद्यापीठ, नागपूर". अमडापूरला तेवढं पुरतं. पोस्टमनला म्हशीचं नाव सांगितलं तरी तो घर शोधतो. नागपूरला त्या नावाचा कोणी विद्यार्थीच नव्हता. एका म्हाताऱ्या शिपायानं ती तार घेऊन वसतिगृहामागून वसतिगृह पालथं घातलं आणि तिसऱ्या दिवशी मला गाठलं. मी घरी पोचलो तेव्हा बांचं डोकं भादरलेलं होतं, तुझी राख नदीत सोडून झाली होती, आणि मावशी चुलीपुढं बसली होती. भिंत पांढरी होती. मी त्या भिंतीकडे बघून मनात म्हटलं, मोजल्या असत्या तर! उजवी बाजू जास्त निघाली असती, मी तालुक्याला राहिलो असतो, आणि तुझ्या तोंडात पाणी घालायला मी असतो. त्या दिवसापासून मी तुझ्यावर चिडून आहे. तुझ्या आठवणीनं रडण्यापेक्षा तुझ्यावर चिडणं मला सोपं गेलं.

काल पोरीवर ओरडून झाल्यावर ती रुसून आत गेली आणि कागद टेबलावरच राहिला. मी चष्मा लावून वाचला. फायदे आणि वरचे चार तोटे निळ्या शाईत, टापटीप. खालचे तीन तोटे काळ्या पेनानं, घाईघाईत लिहिलेले. जेवण जमणार नाही, घरची आठवण येईल, तिथली मुलं हसतील. हे आत्यानं सांगितलेलं नव्हतं, गॅसवाल्यानंही नाही.

आणि मला एसटी आठवली. ट्रंक टपावर चढवून झाली होती, तू खिडकीशी उभी होतीस, आणि मी बाहेर बघत नव्हतो. तू म्हणालीस, "भेव वाटलं त वाटू दे. जाय." मी कोणाला सांगितलं होतं मला भीती वाटते म्हणून? कोणालाच नाही.

तो कागद मी चार घड्या घालून माझ्या चष्म्याच्या डबीत ठेवला आहे. सकाळपासून तिनं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी दिसला नाही म्हणून सांगितलं. हे पत्रही त्याच डबीत जाईल, दुसरीकडे कुठं धाडणार? आता तुझा पत्ता माझ्याजवळही अपुराच आहे. एक गोष्ट मात्र मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. भिंत पांढरी झाली त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी, तू पाण्याला गेली होतीस तेव्हा मी चुलीतला कोळसा घेतला आणि उभ्यानंच, वरून खाली, उजव्या, न जाण्याच्या बाजूला चार रेघा ओढल्या, वर जाड आणि तळाशी बारीक. तुझ्या रेघा खालून वर जायच्या हे घाईत माझ्या ध्यानातच आलं नाही.