पोंतुसचा पट्टा आणि आईची दलदल

कोर्तेयार्वी,
जुलैचा शेवटचा रविवार

प्रिय लेम्पी अक्का,

मोठी बहीण म्हणून तुला वाकून नमस्कार. (एकदा वाकलो की सरळ व्हायला हल्ली साइमीचा हात लागतो, म्हणून हा एकच नमस्कार तू वर्षभर पुरव.) तुझा गुडघा कसा आहे? योरान भाऊजींचं रक्तदाब-पुराण कुठवर आलं? त्यांना माझा दंडवत सांग, आणि सांगताना स्वीडिश भाषेत सांग, कारण मागच्या वेळी मी फोनवर तासभर आपल्या भाषेत त्यांची चौकशी केली आणि त्यांनी शेवटी नुसतं 'हो' म्हणून फोन ठेवला. तुझी ती जाडी मांजर अजून सोफ्यावरून उतरत नसेल तर तिला उतरवायच्या फंदात पडू नकोस. आमच्याकडे सगळं क्षेम आहे. साइमी बरी आहे, छप्पर गळत नाही, सौनाच्या न्हाणीची नवी चूल धूर बाहेर सोडायला शिकली आहे. पत्र लिहायला तसं काही कारण नाही. मला तुझ्याकडून काही नको आहे, हे मुद्दाम पहिल्याच पानावर लिहून ठेवतो, कारण तू पाकीट फोडतानाच 'ह्याला आता काय हवंय' असं म्हणतेस, हे मला गोथेनबर्ग दीड हजार किलोमीटर लांब असूनही ऐकू येतं.

तर यंदाची हिल्ला. गाव सोडून तुला जमाना झाला, तरी जुलैच्या शेवटी दलदलीत हिल्लाची केशरी फळं पिकतात आणि माणसं खोटं बोलायला लागतात, हे तू विसरली नसशील. आपल्याकडे माणूस एरवी इतका सरळ की शेजाऱ्याची विसरलेली कुऱ्हाड धार लावून परत करील. पण हिल्लाच्या दोन आठवड्यांत कोण कुठे जातो हे बायकोनं नवऱ्याला विचारू नये असा रिवाज. राइलीच्या दुकानात कॉफीच्या टेबलावर आम्ही रोज जमतो, एकमेकांच्या केशरी झालेल्या बोटांकडे बघत नाही, आणि पाळीपाळीनं सुस्कारे टाकतो: यंदा काही खरं नाही, जूनच्या गारठ्यात फुलं गेली. मी स्वतः हे वाक्य इतक्या कळवळ्यानं म्हणतो की मागच्या मंगळवारी मलाच वाईट वाटलं आणि मी दुसरा केक घेतला. घरून निघताना गाडीच्या टपावर मासे पकडायची काठी बांधायची, आधी दक्षिणेला जायचं, मग फिरून उत्तरेला. बादली बटाट्याच्या पोत्यात. हे सगळं मी एकतीस वर्षं न चुकता करत आलो, आणि आईनं मला सांगितलेली जागा मी कोणाला कळू दिली नाही. तुलासुद्धा नाही. (तुला दर नाताळात हिल्लाची बरणी पोचते, जागा पोचत नाही. याबद्दल मी कधी काही बोललो नाही, तूही नाही. असो.)

यंदा मात्र त्या रस्त्याला अस्वलाची ताजी विष्ठा दिसली, असं मीच मूर्खासारखं घरी बोललो. झालं! साइमी दारात उभी. "कुत्रा घेऊन जा, नाहीतर जाऊ नकोस," म्हणाली. "अस्वलानं खाल्लं तर मला निदान कळायला नको का?" मी म्हटलं, पोंतुस अस्वलाला बघून माझ्यामागे लपेल. ती म्हणाली, "मग दोघं मिळून घाबरा." आता पोंतुसची ओळख करून देतो, कारण तू ज्याला ओळखत होतीस तो त्याचा खापरपणजोबा. एल्कच्या शिकारीचा राखी कुत्रा, कागदोपत्री खानदानी. त्याचं काम असं की रानात एल्क हुडकायचा, त्या शिंगाळ धुडाला एका जागी उभा धरायचा आणि आम्ही बंदुका घेऊन पोचेपर्यंत एकसारखं भुंकत राहायचं. गेल्या शरदात पोंतुसनं एल्क हुडकला, त्याच्यासमोर बसला आणि दोघांनी मिळून, माझा अंदाज आहे, निसर्गशोभा बघितली. भुंकला नाही. आमच्या शिकार क्लबातली आठही माणसं चार दिवस पावसात हिंडली आणि हिवाळाभर भाजीचं सूप प्यायली. शिवाय त्याला प्रेमात पडायची सवय आहे, आणि प्रेम नेहमी पलीकडच्या गावात असतं. म्हणून साइमीनं त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा कायमचाच ठेवला आहे.

त्या दिवशी मी निघताना माझा फोन मुद्दाम स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. हल्ली फोनवरून माणूस कुठे आहे ते कळतं म्हणे, आणि मी काही कालचा पोर नाही. मग कुत्र्याला गाडीत घातलं, दक्षिणेला गेलो, उत्तरेला फिरलो, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन शीळ घालत आईच्या दलदलीत उतरलो. जुलैत कुत्रा मोकळा सोडायला बंदी आहे, म्हणून पोंतुसला कडेच्या वाळक्या पाइनला बांधला. (ती जागा नेमकी कुठे ते इथे लिहीत नाही. पोस्टमन क्लबातलाच आहे. पुढचं वाचल्यावर तुला ही काळजी हास्यास्पद वाटेल, पण सवय जात नाही.)

अक्का, काय हिल्ला होती! सगळी दलदल केशरी झाली होती. तू आणि मी लहानपणी आईच्या मागे चालताना एक बादलीत, एक तोंडात असं करायचो, आणि आई मागे न बघता म्हणायची, "बादलीत आवाज कमी येतोय." मी मोठ्यांदा हसलो, एकटाच. चार तासांत बादली शिगोशीग भरली. मग लोभ. पाण्यापलीकडे एक झुपका दिसला, मी पाय टाकला, आणि ज्याला मी शेवाळ समजलो होतो ते नुसतं पाण्यावर पसरलेलं पांघरूण निघालं. मांडीपर्यंत गेलो. एक पाय काढायला दुसऱ्यावर जोर दिला, तसा कमरेपर्यंत गेलो. बादली मात्र डोक्यावर धरली होती, एक फळ सांडलं नाही.

आणि तेव्हा पोंतुसनं आयुष्यात पहिल्यांदा आपलं काम केलं. त्यानं मला बघितलं, दलदलीत एका जागी उभं राहिलेलं मोठं, तपकिरी, फुरफुरणारं जनावर, आणि भुंकायला लागला. न थांबता. मी त्याला विनवलं, शिव्या दिल्या, बापाच्या नावानं हाक मारली. छे. खानदान जागं झालं होतं. डासांनी माझ्या टकलावर जत्रा भरवली होती आणि हात तर दोन्ही बादलीला. तासाभरानं लांबून गाडीचा आवाज आला, मग रानातून माणसांचा. आता कोणताही शहाणा माणूस 'वाचवा' म्हणून ओरडला असता. मी श्वास रोखून धरला. मनात म्हटलं, देवा, ह्यांना इथून पुढे जाऊ दे, मी उद्यापर्यंत असाच उभा राहतो. मग बादली पाठीमागे घेऊन जाकिटाखाली दडवली आणि चेहरा सहज फिरायला आलेल्या माणसासारखा केला.

आधी क्लबाचा मुख्य ताउनो साक्किनेन दिसला, खांद्यावर दोर. त्याच्यामागे दुकान बंद करून आलेली राइली, हातात फोन. तिच्यामागे बाकी सगळे. ताउनो काठावर उभा राहिला, माझ्याकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं.

"विल्हो," म्हणाला, "काय करतोयस?"

"पक्षी बघतोय."

"कमरेपर्यंत?"

"ते लाजाळू असतात," मी म्हटलं.

राइलीनं फोन माझ्यापुढे धरला. तुला आठवत नसेल, म्हणजे तुला माहीतच नाही, गेल्या वर्षी पोंतुस हरवला तेव्हा त्याचा पट्टा मीच, माझ्या हातानं, आठही जणांच्या फोनला जोडून दिला होता. नकाशावर लाल ठिपका, खाली मिनिटाला किती भुंकला त्याचा आकडा. सकाळपासून सगळे कॉफीच्या टेबलावर तो ठिपका बघत बसले होते. चार तास एका जागी. मग भुंकणं. "मिनिटाला बासष्ट!" राइली म्हणाली. "गेल्या वर्षी एल्कपुढे याच्या निम्म्यानं भुंकला असता तर आम्ही हिवाळाभर गाजरं चघळली नसती. एल्कपेक्षा तू बरा दिसतोस का रे त्याला?" त्यांना आधी वाटलं होतं मी मोसमाच्या आधीच चोरून शिकार करतोय. मग ताउनो म्हणाला, ह्याचा नेम बघता एल्कला धोका नाही, विल्होलाच असेल. म्हणून दोर घेतला.

त्यांनी माझ्या काखेत दोर अडकवला आणि ओढलं. मी बाहेर आलो, डावा बूट आत राहिला, जाकीट वर सरकलं, आणि पाठीमागून आख्खी बादली शेवाळावर पालथी झाली. आपल्या माणसांची एक गोष्ट मानली पाहिजे. सातांपैकी सहा जणांनी ताबडतोब मान फिरवली. कोणी आभाळ बघितलं, कोणी बुटाची नाडी बांधायला वाकला. (रबरी बुटाला नाडी नसते.) एकटी राइली बघत राहिली. "जूनच्या गारठ्यात फुलं गेली होती ना?" तिनं विचारलं. ताउनोनं टोपी काढली आणि गंभीरपणे म्हणाला, "आम्ही काही बघितलेलं नाही. चला रे." मला इतकं भरून आलं की मी एकाच बुटावर त्याच्याशी हात मिळवायला गेलो आणि पुन्हा पडलो.

शुक्रवारी मी दुसरा बूट शोधायच्या निमित्तानं तिकडे गेलो. रस्त्याच्या कडेला सात गाड्या उभ्या होत्या. सातही गाड्यांच्या टपावर मासे पकडायची काठी. दलदलीत सात पाठी वाकलेल्या. ताउनो सरळ झाला, टोपीला हात लावला आणि म्हणाला, "मासे बघायला आलो होतो." तिथून आठ किलोमीटरात मासा नाही. मी म्हटलं, "लागतायत का?" तो म्हणाला, "छे. यंदा काही खरं नाही." त्याची बोटं केशरी होती. मी घरी आलो. बूट मिळाला नाही. आईनं सांगितलेली एक गोष्ट सांभाळायची होती, तीही मी कुत्र्याच्या गळ्यात बांधून गावभर फिरवली. मला फार वाईट वाटतंय, अक्का. हे तुला सांगावंसं वाटलं, बाकी काही नाही. गुडघ्याला लोकरीचं गुंडाळ. भाऊजींना मीठ कमी दे.

तुझा लहान भाऊ,
विल्हो

ता. क. आता पत्र लिहूनच झालंय म्हणून सहज विचारतो. काल साइमीशी बोलताना आईचा शेवटचा आठवडा निघाला. बुधवारी आईनं तुला कॉफी आणायला पाठवलं (तीन आठवडे तिची कॉफी बंद होती) आणि मला जवळ ओढून दलदल सांगितली. मी इतकी वर्षं समजत होतो की सांगितलं ते मलाच. पण साइमीच्या म्हणण्याप्रमाणे गुरुवारी आईनं मलाही बाहेर पाठवलं होतं, गाडीचे दिवे चालू राहिलेत का बघायला. ते खरं आहे. दिवे बंद होते, ते पुन्हा लागू नयेत म्हणून मी दहा मिनिटं तिथे उभाही राहिलो. तेवढा वेळ आत तू होतीस. साइमी दोन्ही दिवस बाहेर बाकावर होती. मी विचारलं, एकतीस वर्षं बोलली का नाहीस? म्हणाली, "तू विचारलंस कधी?" तर अक्का, आईच्या दोन दलदली होत्या का? दुसरी तुझ्याकडे आहे का?

ता. क. २. पत्रात लिहू नकोस! पोस्टमनचं वर सांगितलंच आहे. तू स्वतः ये. मी माझ्या डोळ्यांवर साइमीचा रुमाल बांधून गाडीत बसेन. पोंतुस घरी राहील, पट्टा काढून तळ्यात टाकीन. एकतीस उन्हाळे तिथली हिल्ला पिकून तशीच गळून गेली असेल, या विचारानं मला घास उतरत नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टिकते. तुझ्यासाठी रबरी बूट आहेत. उजवा माझा, डावा नवीन.

ता. क. ३. साइमीनं हे सगळं वाचलं. म्हणते, पानंच्या पानं दलदलीवर लिहिलीस, बहिणीची आठवण येते ही एक ओळ लिहायला काय हात झडले होते? मी म्हटलं, असलं आम्ही लिहीत नाही.

ता. क. ४. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. बुधवारी आई दलदलीबरोबर आणखी एक वाक्य बोलली होती, ते मी कोणाला सांगितलेलं नाही. म्हणाली, "लेम्पीला सांगू नकोस. विचारायला का होईना, घरी येईल तरी." तू कधी विचारलं नाहीस आणि मी बरण्या पाठवत राहिलो. गुरुवारी माझ्याबद्दल तुला काय म्हणाली होती, अक्का?