दोन माणसांचं अंदाजपत्रक

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१२ फेब्रुवारी १९७५

प्रिय कुलसुम,

जाडजूड पाकीट बघून दचकली असशील. मी बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. बातमी अशी, की मी घर बांधायला निघालेय. हसू नकोस! राजारामपुरीच्या पुढं शिक्षकांच्या सोसायटीत माझा प्लॉट आहे ना, आठ वर्षं गवळ्याच्या म्हशींनीच वापरला, तिथं. आमच्या शाळेच्या नव्या खोल्या बांधणाऱ्या लालासाब मिस्त्रींना म्हटलं, खर्चाचा अंदाज तेवढा काढून द्या.

मला वाटलं, आकडे मांडलेला कागद हातात ठेवतील. कशाचं काय! म्हणाले, बाई, विटा किती ते मी सांगतो, माणसं किती ते तुम्ही सांगा की. माझ्या तोंडून निघून गेलं, दोन. अख्ख्या पेठेला ठाऊक की ही बाई एकटी. मिस्त्रींनाही ठाऊक. पण त्यांनी मान वर न करता दोन लिहिलं. खोटं बोलली म्हणून अठ्ठावीस वर्षं पोरांना छड्या मारल्या मी, आणि आता ही माझी गत.

पुढची गंमत ऐक. या मिस्त्रींची अंदाजाची पद्धतच न्यारी. चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर खोल्या आखतात आणि मालकाला आत अंथरूण टाकून झोपायला लावतात. म्हणतात, फुटाचा हिशोब कागदावर चुकतोय, अंगाचा चुकत न्हाय. तर मी मुख्याध्यापिका, सकाळी दहा वाजता, उघड्या माळावर सतरंजीवर आडवी! शेजारी म्हशी रवंथ करत बघतायत. मग म्हणाले, आता दुसऱ्या माणसाचं अंथरूण टाका. मी नुसतीच आभाळाकडं बघत पडले. त्यांनी जरा वाट बघितली आणि आपली सायकल माझ्याशेजारी आडवी घातली. म्हणाले, एवढी जागा लागंल, दोन फूट वाढवूया. कुलसुम, मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. आई गेल्यापासून बारा वर्षांत माझ्या शेजारी कुणी अंग टाकलं नव्हतं, त्या दिवशी टाकलं ते सायकलीनं.

एकटेपणाचं रडगाणं गायचं नाही असं ठरवून बसले होते, पण तुझ्यापुढं काय लपवायचं? सकाळची भाकरी संध्याकाळी खाते, एका जिवासाठी पुन्हा कोण स्टोव्ह पेटवतंय. रविवारी पाव किलो मटण मागायची लाज वाटते म्हणून अर्धा किलो घेते. मटणवाला विचारतो, पावणं आल्यात व्हय बाई? मी हो म्हणते. मग सोमवारी शिळा रस्सा खात बसायचं. शाळा सुटली की घरी जायचं जिवावर येतं म्हणून उगाच वह्या तपासत बसते, शेवटी शिपाई किल्ल्या वाजवायला लागतो.

एका माणसाचं घर साडेनऊ हजारात होतं, दोघांचं तेरा हजारांवर जातंय. सिमेंटचं परमिट मिळायला दोन महिने, म्हणून वरती मंगलोरी कौलं. फंडातनं आणि कर्जातनं बसेल कसंबसं. मी म्हटलं, दोघांचंच धरा. आणि पश्चिमेच्या भिंतीला मोरी काढू नका, तिथला कोपरा स्वच्छ, मोकळा राहू दे. मिस्त्रींनी पेन्सिल कानावर ठेवली, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, व्हय, ठेवतो की.

गडहिंग्लजला दिलेली माझी आक्का सांगत होती, तुझ्या दिराच्या मुलाचं लग्न झाल्यावर तुझी खोली त्याला दिली, आणि तू बाहेर सोप्यात शिलाईच्या मशीनशेजारी झोपतेस. करीमभाई गेले आणि तू विधवा झालीस, तेव्हा तू लिहिलं होतंस, अंबू, थोडे दिवस तुझ्याकडं येऊ का? मी कळवलं, खोली लहान आहे. खोली लहान नव्हती गं. ट्रेनिंग कॉलेजात आपण याहून लहान खोलीत दोन वर्षं राहिलो. घरमालकीण म्हणाली, मुसलमान बाई आणणार असशील तर तुझंही सामान उचल; आणि मी तिला एका शब्दानं बोलले नाही. मुकाट्यानं आत गेले आणि तुला ते पत्र लिहिलं. तू कधी विषय काढला नाहीस, उलट दर ईदेला आक्काच्या हाती शिरखुर्म्याचा डबा पाठवत राहिलीस. तो डबा उघडताना माझी काय अवस्था होते, ते माझं मला ठाऊक. पुढच्या सोमवारी पाया खणायचाय. पश्चिमेचा तो कोपरा तुझ्या नमाजासाठी राखलाय. माझ्याबरोबर राहायला येशील का, एवढंच विचारायचंय, पण हे पत्रात विचारून भागणार नाही. रविवारी पहिल्या एसटीनं मी गडहिंग्लजला येतेय. तुमच्या दारात उभी राहीन. तू मला दारातनं परत पाठवलंस तरी मी काही म्हणणार नाही, तुझा तो हक्क आहे.

तुझीच,
अंबू