वामनदा, डावी नळी वाकडी निघाली

प्रिय वामनदा,

परवा तुझं तेरावं झालं. तू गेलास त्या दिवशी मी वहिनीपेक्षाही मोठ्यानं रडलो होतो, लोक बघत होते. आज ते रडणं परत मागून घ्यावंसं वाटतंय. म्हणून हे पत्र. आणि तुला ऐकून घ्यावंच लागेल, कारण मध्येच उठून गॅरेजात जायची तुझी सोय आता राहिली नाही.

आज सकाळी मोटारसायकलचा पुढचा फोर्क खोलला. पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांपैकी डावीतून ऑइल पाझरून चाकावर यायला लागलं होतं. ही गाडी तुझ्याकडून घेतल्यापासून दोन वर्षांत क्लच, मॅग्नेटो, ब्रेक, सगळं तू मला माझ्या हातानं करायला लावलंस. फोर्क तेवढा नाही. "तो माझ्याकडे आण," म्हणायचास. आणला की मला नाक्यावर चहा सांगायला पाठवायचास. मला आपलं वाटायचं, वामनदा लाड करतो!

लष्करातून निघालेली जुनी गाडी कशी पारखायची, हे मी तुझ्याकडूनच शिकलो. ब्रेक दाबून हँडलवर भार टाकायचा, गाडी अलगद खाली बसून तशीच वर यायला हवी. पुढचं चाक उचलून हलवायचं, खडखडलं तर हँडलच्या बेअरिंगचे छर्रे गेले समजायचं. नळीला गंज लागला असेल तर सील कितीही नवं घाला, ऑइल गळणारच. आणि शेवटी दोन्ही नळ्या काढून काचेवर लोळवायच्या, वाकडी असेल ती डुगडुगते. माझ्या गाडीच्या वेळी नेमकं हेच कसं राहिलं रे?

आज मी लोळवल्या. सुशीलाचा आरसा जमिनीवर आडवा ठेवला. उजवी नळी गुपचूप सरळ गेली. डावी डुगडुगत गेली. आत गिअरचं जाडं काळं ऑइल भरलेलं. फोर्क अडकतो हे कळू नये, नुसता कडक वाटावा, म्हणूनच ना? आणि तुझा तो लोखंडी पंच ठोकून केलेला ठिपका. कुठलीही नळी बसवलीस की ठिपका समोर ठेवायचास. या नळीचा ठिपका मागं वळलेला होता. वाक डोळ्यावर येऊ नये म्हणून तू ती फिरवून बसवली होतीस.

तरी मी तुझीच बाजू घेतली बघ. म्हटलं, भायखळ्याला मी पडलो, तेव्हा वाकली असेल.

आठवतंय ना? गिरगावातल्या छापखान्यातून संयुक्त महाराष्ट्राच्या सभेची पत्रकं घेऊन लालबागला येत होतो. मागं सुशीला, तिच्या मांडीवर गठ्ठा. ट्रामचे रूळ आले, गाडी नेहमीसारखी डावीकडे ओढली गेली आणि आम्ही दोघं रस्त्यावर. सुशीलाचं मनगट मोडलं. सव्वा वर्ष झालं, अजून पुरतं वळत नाही. भाकरी थापताना ओठ दाबून धरते.

गाडी डावीकडे ओढते, हे पहिल्या आठवड्यापासून मी तुझ्या कानीकपाळी ओरडत होतो. तू हसायचास. "गाडी सरळ आसा, तुझो हात वाकडो." आणि आम्ही पडल्यावर चाळीच्या बैठकीत सगळ्यांदेखत म्हणालास, "पत्रकांचं काम वसंताला देऊ नका, त्याचा हात कच्चा आहे." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. वामनदा म्हणतोय म्हणजे खरंच असणार. त्या दिवसापासून सुशीलाला एकदाही मागं बस म्हणायची हिंमत झाली नाही.

हेच आज तिला सांगत होतो, की मी पाडली म्हणून नळी वाकली. ती पीठ मळता मळता थांबली.

"गाडीची पूजा केली ना, त्याच दिवशी दादा मला बाजूला घेऊन म्हणाले होते. सुशीला, तू ह्याच्या मागं बसू नको गो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? मला वाटलं, तुमच्या चालवण्याला नावं ठेवतायत. रागच आला होता मला."

म्हणजे गाडी माझ्या हातात दिलीस तेव्हाच तुला माहीत होतं. तिला सावध केलंस, मला नाही. मी एकटा पडलो असतो तर चाललं असतं का रे? धाकटा भाऊ म्हणायचास ना मला? नळी वाकडी आहे एवढं बोलला असतास तर मी गाडी तशीच घेतली असती. दोघं मिळून शिवडीचं भंगार पालथं घातलं असतं, नळी मिळेपर्यंत.

आता एकटाच जाईन. सुशीलाला विचारलं, नवी नळी घातल्यावर बसशील का मागं? म्हणाली, "मी कधी नाही म्हटलं होतं? तुम्हीच विचारायचं सोडलंत."

सव्वा वर्ष, वामनदा.

रविवारी चाळीत तुझी शोकसभा आहे, मला बोलायला सांगितलंय. वहिनी समोर असेल, तिला दुखवणार नाही. पण मी खोटंही बोलणार नाही, हे माझं वचन. आणि ही गाडी कधी कुणाला दिलीच, तर आधी फोर्क खोलून त्याच्यापुढं ठेवीन, हेही वचन. माफीचं वचन मात्र आज मागू नकोस.

तुझा,
वसंता