डोळे मिटून, मोठ्याने

मंगळवार, १४ तारीख
गिरणीचं ऑफिस, सकाळ

प्रिय ताई,

प्रभूमध्ये सलाम. आम्ही सगळे बरे आहोत. तू आणि छकुलीही बऱ्या असाल अशी आशा करते. तुझा फोन बंद, म्हणून हे पत्र. आईच्या गुडघ्याची सूज उतरली. बाबा पिठाची पोती उचलताना ऑफिसच्या खिडकीत डोकावतात आणि मला म्हणतात, "मॅडम, पंख्याचा वारा थोडा इकडेही सोडा."

माझा नेम चालू आहे. बोलण्याआधी एक घोट पाणी प्यायचं आणि तेवढ्यात स्वतःला विचारायचं, हे खरं आहे का, आणि यानं कुणाचं भलं होईल का? बाबांनी माझं नावच पाणपोई ठेवलंय. हसू देत. त्या एका घोटानं माझी बरीच भांडणं टळली.

पण प्रार्थना करताना कुणी पाणी पितं का, ताई?

गुरुवारी चर्चमध्ये बायकांची प्रार्थनासभा होती. पाळकीणबाईंनी मला प्रार्थना करायला सांगितली. तुझ्यासाठी मागताना मन भरून आलं आणि मी मोठ्याने बोलून गेले, "प्रभू, माझ्या ताईला त्या बेकरीत सांभाळ." तू तिथं आहेस हे फक्त मला ठाऊक होतं. आपले डोळे मिटले की समोरच्यांचे कानही मिटलेत असं वाटतं. आमेन म्हणून डोळे उघडले, तर सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. कुणी वाईट हेतूनं सांगितलं असेल असं नाही. "तिच्यासाठी प्रार्थना करा हं," असं म्हणत म्हणतच ते घरोघर गेलं असेल.

काल संध्याकाळी भाऊजी आले.

रविवारी मंडळीसमोर वचन वाचतात तोच गोड आवाज. छकुलीसाठी आणलेला नवा फ्रॉक मांडीवर. आईनं चहा दिला. ते माझ्याकडे वळले.

"मेहुणीबाई, तू खोटं बोलत नाहीस हे अख्ख्या मंडळीला ठाऊक आहे. मग सांग, माझी बायको कुठल्या बेकरीत आहे?"

मी पेला उचलला. एक घोट घेतला. "माहीत नाही" अगदी ओठांवर आलं होतं. मग तुझ्या हाताचं प्लास्टर आठवलं. दवाखान्यात याच आवाजात ते म्हणाले होते, "जिन्यावरून पडली." त्यांच्यासारखं बोलणं मला माझ्या तोंडी नको होतं.

"मला माहीत आहे, भाऊजी. आणि मी सांगणार नाही."

कप बशीवर आपटला. "गिरणीच्या गाड्या कुठल्या कुठल्या बेकरीत जातात, ते काढायला मला किती वेळ लागतो?"

बाबा उठून दाराशी उभे राहिले. "जावईबापू, उत्तर मिळालं तुम्हाला. आता निघा."

ते गेले. फ्रॉक तिथंच राहिला. आई माझ्यावर तुटून पडली. "माहीत नाही म्हणाली असतीस तर काय जीभ झडली असती तुझी? आता हुडकून काढेल तो तिला!" मग खाली बसली आणि हळूच म्हणाली, "आणि मलाही सांगितलं नाहीस?"

मी कपबशी उचलून आत नेली. कदाचित तिचंच बरोबर असेल. मला अजून कळलेलं नाही.

आता नीट वाच. हे पत्र देणारे ड्रायव्हरकाका तुमच्याकडे पीठ उतरवून पुढे जातात. छकुलीला घे आणि त्याच गाडीत बस. आवरत बसू नकोस, पगाराची वाट पाहू नकोस. काकांना एवढंच सांगितलंय की ही माझी माणसं आहेत, म्हणतील तिथं सोडा.

कुठं उतरलीस ते मला कळवू नकोस. काकांनाही सांगू देऊ नकोस. भाऊजी पुन्हा येतील, पुन्हा विचारतील. तेव्हा मला "माहीत नाही" म्हणता आलं पाहिजे, आणि ते खरं असलं पाहिजे.

रोज तुमच्यासाठी प्रार्थना करीन. डोळे मिटून, आणि तोंडही.

तुझ्या उत्तराची वाट न पाहणारी,
पाणपोई