कागदाच्या भिंतींचं पावसात काय होतं

आई, मी जपान बघून आले. जूनमध्ये, बारा दिवस, लेकीबरोबर. हे तुला सांगायला खरं तर मला तोंड नाही, कारण तुझं जपान राहिलं ते माझ्यामुळे. तुला व्हिसा नाकारला असं मी सांगितलं होतं. कुणी काही नाकारलं नव्हतं. तुझा अर्ज मी पाठवलाच नव्हता. याला बत्तीस वर्षं झाली, आणि तुला जाऊनही तीस होऊन गेली. एवढ्या काळात मी हे कुणापुढे बोलले नाही. आता नोकरी संपली आहे, सकाळी उठून कुठे जायचं नसतं, तेव्हा हे समोर येऊन बसतं. म्हणून लिहिते आहे.

तू शिकवायचीस तो सातवीचा वर्ग मला अजून दिसतो. माझ्या कॉन्व्हेंटला कुठल्यातरी संताची सुट्टी असली की तू मला सोलापुरातल्या तुझ्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत घेऊन जायचीस आणि मी शेवटच्या बाकावर नाक वर करून बसायचे. तू फळ्यावर, पुस्तकात न बघता, चार बेटं काढतेस. वरून खाली नावं लिहितेस, होक्काइडो, होन्शू, शिकोकू, क्यूशू. मग खडू ठेवून सांगतेस की तिथे भूकंप फार होतात, म्हणून घराच्या आतल्या भिंती कागदाच्या असतात, अंगावर पडल्या तरी लागत नाही. एक मुलगी उभी राहते. 'बाई, मग पाऊस आल्यावर कागदाचं काय होतं?' सगळा वर्ग हसतो. तू हसत नाहीस. तू जरा विचार करतेस आणि म्हणतेस, 'मला माहीत नाही. बघायला पाहिजे.' आमच्या एकाही ननच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे शब्द मी कधी ऐकले नव्हते. त्या दिवशी मला वाटलं, माझ्या आईला काही येत नाही. घरी येताना मी तुला तसं म्हणालेही. तू म्हणालीस, 'खरंच आहे की.'

मग पुढे कितीतरी वर्षांनी तू माझ्या बाळंतपणाला इथे अमेरिकेत आलीस. क्युपर्टिनोमधलं ते दोन खोल्यांचं अपार्टमेंट, तुझ्या बॅगेतले डिंकाचे लाडू, हळीव, शेपा. मी सहाव्या आठवड्यात कामावर परत गेले आणि घर, बाळ, स्वयंपाक सगळं तुझ्या अंगावर पडलं. लोक आईवडिलांना निदान धबधबे दाखवायला नेतात. मी तुला ग्रोसरीला न्यायचे. तू तक्रार केली नाहीस. बाबागाडी ढकलत लायब्ररीत जायचा रस्ता तू स्वतः शोधून काढलास, आणि तिथे तुला ती जपानी आजी भेटली. तीही नातवंड सांभाळायला आलेली. तिला इंग्रजी येत नव्हतं, तुझं जेमतेम. तुम्ही दोघी लायब्ररीतला मोठा अ‍ॅटलस टेबलावर उघडून बसायचात, बोट ठेवून बोलायचात. तू तिला सोलापूर दाखवलंस. तिनं कागद पुढे केला तेव्हा तू तिच्या देशाचा नकाशा न बघता काढून दिलास, आणि ती तोंडावर हात ठेवून किती वेळ तुझ्याकडे बघत राहिली, हे तू मला चारदा सांगितलंस. मी चारही वेळा भांडी डिशवॉशरमध्ये लावत होते.

तिच्या परसात पर्सिमनचं झाड होतं. केशरी, टोमॅटोसारखी दिसणारी ती फळं सोलून, देठाला दोरा बांधून सुकवायची असतात, हे तिनं तुला शिकवलं. एका संध्याकाळी मी घरी आले तर बाल्कनीत पंचवीस-तीस फळं ओळीनं टांगलेली. तू प्रत्येक फळ बोटांनी हलकेच दाबून बघत होतीस, तिनं सांगितलं होतं तसं. मी ओरडले. हे काय दुकान मांडलं आहेस, मॅनेजर नोटीस देईल, ही काही आपली चाळ नाही. तू एकेक दोरा सोडवून फळं आत घेतलीस आणि न्हाणीघराच्या खिडकीत टांगलीस. तिथे ती बुरशीनं गेली.

जायचे दिवस जवळ आले तसं तू मला एक दिवस समोर बसवलंस. तुझं परतीचं विमान टोकियोवरून जाणार होतं. जपानी आजीची बहीण कामाकुरा नावाच्या गावात राहत होती, समुद्राकाठी, जुन्या घरात. ती तुला विमानतळावर घ्यायला येणार, तीन दिवस ठेवून घेणार आणि परत आणून सोडणार, असं दोघी बहिणींचं ठरलंसुद्धा होतं. तू व्हिसाचा फॉर्म मागवून, आपल्या हातानं भरून तयार ठेवला होतास. मी म्हटलं, तू एकटी? अनोळखी बाईच्या घरी? खाणार काय? तू म्हणालीस, भात असतोच की. मी फॉर्म बघितला. प्रवासाचा उद्देश या रकान्यात तू तुझ्या सुवाच्य, गोल इंग्रजीत लिहिलं होतंस, मी जे शिकवलं ते बघायला.

'असं लिहितात का, आई?' मी म्हणाले. 'टूरिझम लिही.'

'टूरिझम नाही गं. मी काही फिरायला नाही चालले.'

फॉर्म, फोटो, पासपोर्ट, सगळं एका पाकिटात घालून मी कामावर जाताना पोस्टात टाकते म्हणून नेलं. ते पाकीट दोन आठवडे माझ्या गाडीत होतं. मग एक दिवस जेवताना मी तुला सांगितलं की ते व्हिसाला नाही म्हणाले. तू विचारलंस, कारण काय दिलं? मी म्हटलं, कारण देत नाहीत. तू पासपोर्ट हातात घेऊन सगळी पानं उलटलीस, एकेक, शेवटपर्यंत, आणि मिटून ठेवलास. तुला कळलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. एवढंच माहीत आहे की त्यानंतर तू लायब्ररीत जायचं बंद केलंस. मी विचारलं तर म्हणालीस, तिला काय सांगू, तिच्या देशानं मला नको म्हटलं म्हणून? तिला केवढं वाईट वाटेल. तब्येत बरी नाही असा निरोप मला तिच्या सुनेला फोनवर द्यायला लावलास. मी दिला. तेही मीच केलं.

आता मी बघितलं ते जपान सांगते. तुझ्या नातीनं सगळं तिच्या फोनमध्ये आखलं होतं, कोणत्या गल्लीत कुठला नूडलवाला, कोणत्या देवळापुढे किती वाजता ऊन कसं पडतं. क्योतोत बघावं तिकडे भाड्याचे किमोनो घालून परदेशी पोरी फोटो काढत होत्या, त्यात आपल्याही तिघी, आतून जीन्स डोकावते आहे. मी काहीतरी बोलले तशी लेक म्हणाली, 'आई, प्लीज, बी नाइस.' नाराला हरणं रस्त्यात येऊन मान लववतात आणि बिस्किटं मागतात. लववायचं ती माणसांकडून शिकली आणि मागायचं टूरिस्टांकडून, असं माझं मत झालं. पण तुझा धडा खरा निघाला बरं. आगगाडीत कुणी चकार शब्द काढत नाही. रस्त्यावर कचऱ्याचा डबा नाही आणि कचराही नाही, जो तो आपला कागद खिशात घालून घरी नेतो. शाळेतली मुलं स्वतःचा वर्ग झाडतात, तू सांगायचीस ना, ते मी खिडकीतून डोळ्यांनी बघितलं. प्रत्येक ठिकाणी मला वाटत होतं, हे तिला आधीच माहीत होतं. इथे येण्याचा हक्क तिचा होता. मी तिच्या जागी, तिच्या पायांनी फिरते आहे.

कामाकुराला जायचं मीच सांगितलं. त्या बहिणीचा पत्ता तुझ्याबरोबर गेला, आणि ती तरी कुठली असायला आता. तिथला मोठा बुद्ध उघड्यावरच बसलेला आहे, त्याचं देऊळ कधीकाळी समुद्राच्या लाटेनं नेलं म्हणतात. त्याच्यापुढे उभी असतानाच पाऊस आला आणि आम्ही जवळच्या एका जुन्या घरात शिरलो. लोकांना बघण्यासाठी उघडं ठेवलेलं घर होतं. आत जाळीदार लाकडी चौकटी आणि त्यांवर पांढरा कागद. सांभाळणारी बाई माझ्याच वयाची. पाऊस तिरपा यायला लागला तशी ती उठली आणि ओसरीच्या टोकाला भिंतीत एक उभी पेटी होती, तिच्यातून लाकडी फळ्या ओढून खोबणीतून सरकवू लागली. एक फळी, दुसरी, तिसरी. कोकणात पावसाळ्यात पडवीला झावळ्यांची झापं लावतात ना, त्याच कामाच्या, पण सुताराच्या हातच्या. बघता बघता ओसरी बंद झाली आणि आत कागद कोरडा. लेकीनं फोनवर भाषांतर करून विचारलं तेव्हा बाईनं सांगितलं की कागद एरवीही टिकत नाहीच, दरवर्षी नव्या वर्षाआधी नवा चिकटवतात, आणि जुना काढायच्या दिवशी मुलांना बोटं घालून तो फाडायची मुभा असते.

आई, तुझ्या वर्गातल्या त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं, आणि ते द्यायला तू नव्हतीस. मी तिथल्या चटईवर बसले आणि मला रडू आवरेना. ती बाई घाबरली, चहा घेऊन आली. लेकीनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, तुझ्या आजीला हे बघायचं होतं. ती म्हणाली, 'देन व्हाय डिडन्ट शी कम?' आणि मी, सदुसष्ट वर्षांची बाई, तिच्याकडे बघून म्हणाले, तिला व्हिसा मिळाला नाही. पुन्हा तेच. तितक्याच सहज.

मला तुझाही राग येतो, सांगून टाकते. तू पुन्हा का विचारलं नाहीस? भांडली का नाहीस? स्वतः फोन लाव म्हणून माझ्या मागे का लागली नाहीस? एकदा आवाज चढवला असतास तर मी तिथल्या तिथे कबूल केलं असतं. सोलापूरला जाऊन तू शेजारीपाजारी सांगितलंस, जपानला म्हाताऱ्या बायका नको असतात, आणि हसलीस म्हणे. हे मला तुझ्या तेराव्याला कळलं.

हे कुणाला दाखवायचं नाही. लेकीला मराठी वाचता येत नाही, तेवढी सोय मी आधीच करून ठेवली आहे. पण तुला कारण सांगायला हवं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला काळजी वाटली, परका देश, एकटी बाई. मग वय वाढलं तसं म्हणायला लागले की तुझ्या इंग्रजीची लाज वाटली, नन्सच्या शाळेनं तेवढं मला नक्की शिकवलं होतं. दोन्ही थोडंथोडं खरं आहे. पण फॉर्म भरलास त्या आठवड्यात एका सकाळी तू बाळाला न्हाऊ घालत होतीस आणि मी दाराशी आले, तुला दिसले नाही. तू त्या तान्ह्या पोरीला सांगत होतीस, आजी आता जाणार, आजी बोटीएवढ्या विमानातून जाणार, चार बेटं बघणार. तुझा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. मला या देशात नवऱ्याशिवाय कुणी नव्हतं, दूध गळून ब्लाउज भिजलेला होता, आणि माझी आई मला सोडून जायच्या कल्पनेनं इतकी खूश होती. मला वाटलं, हिनं रडत जायला पाहिजे.

विमानतळावर तू रडलीस. मला बरं वाटलं.