काळा विंचू आणि शेवटची बाटली

मंगळवार, १४ जुलै. ड्युटीवरून आल्यावर.

जीव जळून राहिला, म्हणून लिहून टाकते. दुपारी मुर्री गावची एक सून सासऱ्याला घेऊन आली. विंचू चावला होता. मारलेला विंचूही तंबाखूच्या डबीत आणला, इकडे सगळेच आणतात. डबी मीच उघडली. काळा, पुढच्या जाड चिमट्यांचा. दुखतं खूप, पण हा सहसा जीव घेत नाही. जीव घेतो तो बारीक चिमट्यांचा लाल.

नव्या डॉक्टरांना हळूच म्हटलं, "सर, आपली लस लाल विंचवाच्या विषावरची आहे. काळ्याला कायले?"

"देऊन टाकू सिस्टर, काय बिघडते?"

फ्रीजमधली शेवटची बाटली होती ती.

दुखणं उतरलं ते मी आधी दिलेल्या सुन्न करायच्या इंजेक्शनानं. पण सून पाया पडली कोणाच्या? "तुमच्यामुळं बुढा वाचला जी सायेब!" आणि मला काय म्हणाली? "बाई, डबी वापस द्या." अकरा वर्षं झाली डब्या उघडून. माझ्या पाया कोणी पडलं?

येताना वाटलं, उद्या एखादा लाल विंचवाचा पेशंट यावाच. सरांना कळेल तरी. छे! असं कसं मनात आलं माझ्या?

शेवटची बाटली उघडली की त्याच दिवशी नवीन मागणीचा कागद पाठवायचा असतो. ते काम माझं. आज पाठवला नाही.

विसरले नव्हते.